रात्रीची गाडी कुठे उभी करायची? दक्षिण गडचिरोलीतल्या एका तालुक्याच्या प्रकल्प नोंदी

६ जून

काम ठरलं. संध्याकाळची ओपीडी बंद झाल्यापासून सकाळी उघडेपर्यंत तालुक्यात कुणाला साप चावला, कुणाच्या कळा सुरू झाल्या, कुणाचं लेकरू तापाने फणफणलं, तर मदत किती वेळात पोचते हे सिम्युलेशन मॉडेलने, म्हणजे संगणकावर त्या रात्रींची नक्कल चालवून, तपासायचं. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांचा रुग्णवाहिकेबद्दलचा प्रश्न एका ओळीचा आहे: "रात्रीसाठी एक गाडी जास्तीची मिळतेय, ती कुठे उभी करू?" प्रश्न चांगला आहे, कारण त्याचं उत्तर कुणाच्या तरी गावाला गैरसोयीचं ठरणार आहे आणि ते समोर बसून सांगावं लागणार आहे.

तालुक्याचं नाव या नोंदींत लिहिणार नाही. वस्ती इतकी विरळ आहे की गाव आणि तारीख कळली तरी रुग्ण ओळखू येतो.

विरळ म्हणजे किती? गडचिरोली जिल्ह्याचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १०,७२,९४२. म्हणजे चौरस किलोमीटरला ७४ माणसं. आदिवासी, डोंगराळ भागात २०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा निकष. या घनतेने २०,००० माणसं जवळपास २७० चौरस किलोमीटरवर पसरतात. केंद्र अगदी मधोमध असलं तरी कडेचं गाव सरळ रेषेत नऊ किलोमीटरच्या पुढे जातं, आणि इथे सरळ रेषेत फक्त पाखरं जातात. जिल्ह्याच्या दक्षिणेकडे वस्ती याहूनही पातळ. सिरोंच्याहून गडचिरोली सुमारे २०० किलोमीटर. तेव्हा "रेफर केलं" या दोन शब्दांत आख्खी रात्र जाऊ शकते.

१२ जून

मॉडेल लिहायच्या आधी कागदावरचं गणित केलं. आकडे सोयीचे घेतले आहेत, तालुक्याचे नाहीत. समजा, एका गाडीला रात्रीच्या १२ तासांत सरासरी २ कॉल आणि एक फेरी ३ तासांची. १२ पैकी ६ तास गाडी कामात, ६ तास मोकळी. बैठकीत एवढंच दाखवलं तर सगळे म्हणतील, गाडी पुरते की.

पण कॉल सरासरीने येत नाहीत. अवचित येणाऱ्या घटनांसाठीच्या पॉयसनच्या नियमाने सातांतल्या साधारण एका रात्री एकही कॉल नसतो आणि साधारण एका रात्री चार किंवा त्याहून जास्त असतात. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांगने १९०९ पासून टेलिफोनच्या कॉलांसाठी हे गणित उभं केलं, तेच इथे लावलं. रात्र अखंड चालते आणि फेरीचा वेळही कमी-जास्त होतो असं धरलं, तर निम्म्या कॉलांना गाडी बाहेर गेलेली सापडते आणि गाडी मोकळी व्हायची सगळ्या कॉलांची मिळून सरासरी वाट ३ तास. त्यात रस्त्याचा वेळ अजून धरलेलाच नाही.

दुसरी गाडी त्याच ठिकाणी उभी केली तर वाट निम्मी होईल असं वाटतं. होते १२ मिनिटं. दहातल्या एकाच कॉलला थांबावं लागतं. त्याच दोन गाड्या दोन ठिकाणी ठेवून कॉल निम्मे-निम्मे वाटले आणि एकमेकींच्या हद्दीत जायचं नाही असा नियम केला, तर दर चार कॉलांत एकाला थांबावं लागतं आणि सरासरी वाट १ तास. म्हणजे गाड्या एकत्र ठेवल्या तर वाट कमी, वेगळ्या ठेवल्या तर अंतर कमी. अधिकाऱ्यांच्या प्रश्नाचा पेच नेमका इथे आहे. दोन्ही बाजू एकाच वेळी कागदावर पेलत नाहीत, म्हणून सिम्युलेशन.

१९ जून

रजिस्टरं. प्रसूतीचं, रेफरलचं, आंतररुग्णांचं, आणि गाडीचं लॉगबुक. उपकेंद्राच्या सिस्टरने जुनी रजिस्टरं गोणपाटातून काढून पुसून दिली. त्यांनी ती जपून ठेवली म्हणून हे काम होऊ शकतं.

रात्रीच्या वेळा बहुतेक पूर्ण किंवा अर्ध्या तासावर आहेत: ११, साडेअकरा, २. कंदिलाच्या किंवा मोबाईलच्या उजेडात, रुग्ण मार्गी लागल्यावर लिहिलेल्या वेळा अशाच असणार. मी प्रत्येक वेळ मागेपुढे पंधरा मिनिटांत पसरवून घेते आहे. मिनिटांची अचूकता या आकड्यांत नाही, तेव्हा निकालातही ती दाखवायची नाही.

मोठा प्रश्न वेगळा आहे. रजिस्टरमध्ये फक्त पोचलेले आहेत. जे गावठी उपचार करणाऱ्या पुजाऱ्याकडे गेले, जे सकाळ होईपर्यंत थांबले, जे घरीच दगावले, त्यांची ओळ कुठेच नाही. रजिस्टरमधले कॉल म्हणजेच गरज असं धरलं, तर जिथे सेवा सर्वांत वाईट तिथे गरज सर्वांत कमी दिसेल आणि मॉडेल बिनचूक गणित करून गाडी तिथून दूर नेईल. म्हणून मागणी दोन प्रकारे चालवणार: एकदा रजिस्टरप्रमाणे, एकदा गावाच्या लोकसंख्येच्या प्रमाणात. दोन्हींत जो पर्याय टिकेल त्यावरच बोलायचं.

२७ जून

१०८ च्या पायलटशी, म्हणजे रुग्णवाहिकेच्या चालकाशी, बोलणं. राज्यात ही सेवा २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या, त्यांतल्या २३३ ॲडव्हान्स्ड लाइफ सपोर्टच्या, बाकीच्या बेसिक. गरोदर बायांसाठी १०२ वेगळी. कागदावर फेरी म्हणजे निघणे, घेणे, पोचवणे.

पायलट म्हणाले, "पेशंट उतरवला म्हणजे गाडी मोकळी नाही होत जी. स्ट्रेचर वापस भेटेपर्यंत थांबा लागते. मंग डिझेल. अन् तवापर्यंत नाल्याले पाणी आलं असन त गाडी तिकडंच रायते सकाळपर्यंत."

या बोलण्यातून मॉडेलमध्ये तीन टप्पे वाढले: रिकामी होण्याचा वेळ, परत येण्याचा वेळ, आणि पलीकडे अडकून राहणं. तिसरा सर्वांत महत्त्वाचा. लॉगबुकात अशी गाडी "उपलब्ध" दिसते, पण अलीकडच्या गावांना ती नाही.

पायलटच्या झोपेचाही नियम घातला. लांबची एक फेरी झाल्यावर लगेच दुसऱ्या लांबच्या फेरीवर त्याच माणसाला पाठवायचं नाही. हा नियम लावला की आकडे बिघडतात. बिघडू देत. जंगलातल्या रस्त्यावर डुलकी लागलेल्या माणसाच्या हाती बाळंतीण द्यायची नाही.

५ जुलै

कोड उभा राहिला. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि त्यातली सिमपाय ही सिम्युलेशनची लायब्ररी. प्रत्येक रुग्ण एक प्रक्रिया. गाडी, डॉक्टर, सिस्टर, खाटा ही संसाधनं. रस्त्यांचं जाळं ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरून घेतलं आणि सुटलेल्या पायवाटा आशाताईंकडून भरून घेतल्या. सर्वांत जवळचा रस्ता डाइक्स्ट्राच्या १९५९ च्या रीतीने.

जाळ्यात मी एकच वेगळी गोष्ट केली: प्रत्येक रपट्याला (नाल्यावरच्या बुटक्या पुलाला) उघडा-बंद अशी खूण. बंद झाला की ती कडी जाळ्यातून गळते आणि रस्ता नव्याने शोधला जातो. काही रपटे बंद केल्यावर रस्ता सापडतच नाही. मोठ्या पावसात तालुक्याचे तुकडे होतात, हे इथल्या कुणालाही मॉडेलशिवाय माहीत आहे. भामरागडला पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेलं की काय होतं ते दर पावसाळ्यात बातम्यांत येतं. पण नियोजनाच्या तक्त्यात तो तुकडा कधी दिसत नाही, तिथे अंतर किलोमीटरमध्येच असतं.

१३ जुलै

पाऊस. आज दिवसभर याच एका गोष्टीवर होते आणि मला वाटतं, प्रकल्पाचं मर्म इथेच आहे.

साध्या रीतीने करायचं तर सर्पदंश किती, रस्ते किती रात्री बंद, नेटवर्क किती रात्री नाही, अशा वेगवेगळ्या सरासऱ्या काढायच्या आणि मॉडेलमध्ये प्रत्येकीचा वेगळा फासा टाकायचा. पण या गोष्टी एकमेकांपासून सुट्या नाहीत. पाऊस पडतो तेव्हा बिळात पाणी शिरून साप बाहेर येतात. त्याच दिवसांत रोवणी चालू असते, माणसं चिखलात असतात आणि रात्री दमून जमिनीवर झोपतात. त्याच पावसाने रपटा बुडतो. त्याच पावसाने वीज जाते आणि विजेमागोमाग मोबाईलचा टॉवर.

कागदावर दाखवते. समजा, दहातल्या एका रात्री रस्ता बंद. सर्पदंश आणि रस्ता यांचा संबंध नसता, तर दहातला एक दंश बंद रात्री आला असता. पण बंद रात्री दंशांचं प्रमाण तिप्पट असेल तर चारातला एक दंश बंद रात्री येतो. दोन्ही वेळा रस्ता बंद राहण्याचं प्रमाण तेच, फक्त दोन वाईट गोष्टी एकाच रात्री भेटल्या.

मण्यारीचा दंश तर रात्रीचाच. चावलेलं दुखत नाही, खूण दिसत नाही. माणूस पहाटे पोटात दुखतं म्हणून उठतो, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. त्याला प्रतिविष लागतं, पण त्याहीपेक्षा तासन्‌तास अम्बू बॅग (हाताने श्वास देणारी पिशवी) दाबणारा कुणीतरी हात लागतो. हा रुग्ण बंद रपट्याच्या पलीकडे असेल तर गाडी कुठे उभी आहे हा प्रश्न उरत नाही. पलीकडे काय आहे, एवढाच प्रश्न उरतो.

तेव्हा मॉडेलमध्ये आता आधी रात्रीचा प्रकार ठरतो: कोरडी, पावसाची, पुराची. त्या प्रकारावरून एकदम सगळं: दंश, ताप, रस्ता, नेटवर्क, वीज. आणि पुराची रात्र एकटी येत नाही, तिच्यामागे दुसरी येण्याची शक्यता जास्त असते, तेही घातलं.

२२ जुलै

आशाताईंची बैठक, केंद्राच्या ओसरीवर. त्यांना एकच विचारलं: रात्री त्रास सुरू झाल्यापासून गाडीत बसेपर्यंत काय काय होतं, क्रमाने सांगा. एक ताई म्हणाल्या, "पयले घरवाले बसून ठरवतेत. मंग मले उठवतेत. मी टेकडीवर जाऊन फोन लावतो. गाडी निघाली मणते, त खाटेवर टाकून रोडापर्यंत नेतो." घरात माडिया बोलणारी माणसं असली की फोनवर मराठीत सांगायचं कामही ताईंचंच.

थॅडियस आणि मेन यांनी १९९४ मध्ये मातामृत्यूंबद्दल तीन विलंब मांडले होते: ठरवण्यातला, पोचण्यातला आणि पोचल्यावर उपचार मिळण्यातला. ताईंनी ते तिन्ही क्रमाने सांगितले. सरकारी नोंदीतलं घड्याळ मात्र फोन लागल्यापासून सुरू होतं. मी ते घरापासून सुरू केलं. तसं केल्यावर आतल्या गावांत गाडी येण्याआधीचा वेळ गाडीच्या वेळेपेक्षा मोठा निघतो. गाडी कुठेही उभी केली तरी तो वेळ तसाच राहतो.

आणि प्रत्येक आजाराची मुदत वेगळी. जन्मल्यावर न रडलेल्या बाळाला पहिल्या मिनिटात श्वास द्यायला हवा. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबला नाही तर साधारण दोन तासांत बाई जाऊ शकते. मण्यारीचा रुग्ण काही तास देतो. तिघांची सरासरी काढण्यात अर्थच नाही. बाळासाठी कुठलीच गाडी वेळेत येणार नाही, तिथे माणूसच गावात हवा. याच जिल्ह्यात 'सर्च' या संस्थेने ३९ गावांतल्या बायांना घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आलं, ते १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. मॉडेलमध्ये मी हे "संसाधन" म्हणूनच घातलं: गावात शिकलेली बाई, प्रवासाचा वेळ जवळपास शून्य.

२ ऑगस्ट

डॉक्टर. केंद्राला दोन वैद्यकीय अधिकारी म्हणजे रात्री नेहमी कुणीतरी असणार, असं तक्त्यात गृहीत आहे. दोन्ही माणसं आहेत. त्यांना रजा आहे, प्रशिक्षण आहे, शिबिर आहे, न्यायालयाची तारीख आहे, शवविच्छेदन आहे.

समजा, प्रत्येक डॉक्टर वर्षातल्या ३० टक्के रात्री नाही. दोघांच्या गैरहजेरीचा परस्परांशी संबंध नसेल तर वर्षात सुमारे ३३ रात्री केंद्रात एकही डॉक्टर नाही. दोघांनी ठरवून आलटून-पालटून रजा घेतली तर अशी एकही रात्र नाही. आणि दोघेही सणाला, बैठकीला, प्रशिक्षणाला एकदमच गेले तर ११० च्या आसपास. प्रत्येकाची हजेरी तिन्ही वेळा तेवढीच, ७० टक्के. एकही नवीन पद न भरता, एकही रुपया खर्च न करता, नुसत्या रजेच्या तक्त्याने एवढा फरक पडतो. पावसाळ्यात दोघांना एकाच प्रशिक्षणाला बोलवू नये, हे पत्र जिल्ह्याला जायलाच हवं. तालुका आरोग्य अधिकारी मॅडमनी मसुदा आजच घेतला.

११ ऑगस्ट

पर्याय चालवले. सगळ्या पर्यायांना त्याच रात्री, तेच रुग्ण, तोच पाऊस दिला, म्हणजे फरक पर्यायाचाच दिसतो, नशिबाचा नाही. अनिश्चितता निम्मी करायला धावा चौपट लागतात, त्यामुळे लॅपटॉप रात्रभर चालू.

पहिला पर्याय: दोन्ही गाड्या ग्रामीण रुग्णालयात. दुसरा: नवी गाडी नाल्यापलीकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. तिसरा: नवी गाडी कुठेही असो, आतल्या गावांत रात्रीच्या फेरीचे पैसे ठरवून दिलेल्या स्थानिक जीपगाड्यांची पाळी, आणि दिवस भरत आलेल्या बायांना पावसाआधी माहेरघरात, म्हणजे बाळंतपणापर्यंत राहायच्या सोयीत, आणणं.

कोरड्या रात्री पहिला पर्याय सरळ जिंकतो. जूनमधल्या कागदी गणितात दिसलं तेच, एकत्र गाड्यांचा फायदा. पुराच्या रात्री तोच पर्याय सर्वांत वाईट, कारण दोन्ही गाड्या अलीकडे आणि पलीकडच्यांना एकही नाही. वर्षभराची सरासरी काढली तर पहिले दोन्ही पर्याय जवळजवळ सारखे दिसतात. सरासरीवर निर्णय घेतला असता तर "काही फरक पडत नाही" असं लिहून फाईल बंद झाली असती.

म्हणून उत्तर एका जागेचं नाही. जून ते ऑक्टोबर गाडी नाल्यापलीकडे, उरलेले सात महिने ग्रामीण रुग्णालयात. दोन्ही प्रकारच्या मागणीत हेच टिकतं. तिसरा पर्याय त्याच्या जोडीला लावला की आतल्या गावांची घरापासूनची वेळ पहिल्यांदा खरोखर खाली येते. जीप गावातच असते, आणि माहेरघरात आलेल्या बाईला रात्रीचा प्रवासच करावा लागत नाही.

१९ ऑगस्ट

थोडक्यात: सीमेलगतची गावं रात्री जिल्ह्याकडे येतच नाहीत, नदी ओलांडून तेलंगणात जातात. मॉडेलमधून त्यांना वगळलेलं नाही, पलीकडचं रुग्णालयही एक मुक्काम म्हणून घातलं. आजारी माणसाला राज्याची हद्द दिसत नाही, जवळचा दिवा दिसतो.

२९ ऑगस्ट

पोळ्याआधी सगळ्यांसमोर मांडणी. भिंतीवर नकाशा, त्यावर एक पुराची रात्र हळूहळू चालवून दाखवली. सिस्टर, पायलट, आशाताई, दोन सरपंच. पायलटनी दोन ठिकाणी थांबवून रस्त्याची वेळ दुरुस्त करून घेतली.

अलीकडच्या एका सरपंचांनी विचारलं, "पावसाळ्यात आमची गाडी तिकडे गेली, अन् इकडे कोणी मेलं त?" प्रश्न रास्त आहे. त्यांना आकडे दाखवले: त्यांच्या गावाची वाट पावसाळ्यात वाढते, हे खरं आहे. पण त्यांच्याकडे पहिली गाडी आणि उघडा रस्ता राहतो, पलीकडे दोन्ही नसतात. मॉडेल इथवरच सांगू शकतं. सगळ्यांची सरासरी कमी करायची की सर्वांत मागे राहिलेल्या गावाची वाट कमी करायची, हे माणसांनी ठरवायचं. मी माझं मत सांगितलं: मागच्या गावाची. बैठकीने बराच वेळ वाद घालून तेच ठरवलं. सरपंचांनी त्यांच्या गावासाठी एक जीप पाळीत मागून घेतली, ती मिळाली.

एक इशारा मी लेखी दिला. सेवा सुधारली की कॉल वाढतील, कारण आज घरी थांबणारे उद्या फोन करतील. पहिल्या वर्षी गाडी जास्त व्यस्त दिसली आणि वाट थोडी वाढली, तर त्याला अपयश समजून गाडी काढून घेऊ नका.

९ सप्टेंबर

हस्तांतर. कोड, रस्त्यांचं जाळं आणि मराठीतली वापरपुस्तिका तालुका कार्यालयाच्या संगणकावर ठेवली. रजा आणि रपट्यांची फाईल तिथला कर्मचारी स्वतः बदलू शकतो, बसून तीन-चारदा करून घेतलं.

साठ्याचा हिशेब सुटा करून दिला. विषबाधेची लक्षणं असलेल्या सर्पदंशाच्या एका रुग्णाला सुरुवातीलाच साधारण १० व्हायल (कुप्या) प्रतिविष लागतं. तुटलेल्या तुकड्यात एकाच रात्री दोन रुग्ण येणं मॉडेलमध्ये दुर्मीळ नाही, तेव्हा नाल्यापलीकडच्या केंद्रात पावसाळ्याआधी किमान दोन रुग्णांपुरता साठा, दुसऱ्या मात्रेसह. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखणारं ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत राहायला हवं, म्हणून तिथल्या फ्रिजचा इन्व्हर्टर मे महिन्यातच तपासायचा.

लॉगबुकात एक रकाना वाढवला: "त्रास कधी सुरू झाला". आशाताईंनी विचारून भरायचा, अंदाजे चालेल.

पुढचं काम मोहाच्या हंगामाचं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे अंधारात फुलं वेचायला गेलेल्यांवर अस्वलाचे हल्ले होतात, आणि जखमी माणूस रस्त्यापासून आत रानात असतो. त्या दोन महिन्यांची जुनी रजिस्टरं अजून भरलेली नाहीत. दोन उपकेंद्रांनी दिवाळीनंतर द्यायचं कबूल केलं आहे.